पाच केव्हीए म्हणजे कशाचे पाच?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुळशी धरणाच्या पलीकडे एका फार्महाउसच्या फाटकाचं काम घेतलं. चौदा फुटी सरकतं फाटक, खाली रूळ, दोन्ही बाजूंना खांब. फाटक धायरीच्या शेडमध्ये तयार केलं आणि छोट्या हत्तीवर टाकून नेलं. पण रूळ, खांब आणि वरचे गाइड जागेवरच वेल्ड करायचे होते आणि जागेला अजून वीज नव्हती. वाटेत एका मंडपवाल्याकडून पाच केव्हीएचा, म्हणजे पाच हजार व्होल्ट-अँपियरचा, जनरेटर दिवसाच्या भाड्याने उचलला. लग्नात आठ हॅलोजन आणि स्पीकर रात्रभर चालवतो म्हणाला, मला तेवढं पुरे वाटलं.

पहिले चार रॉड बरे गेले. पाचव्याला ठिणगी पडली की इंजिनचा आवाज खोल जायचा, रॉड उचलला की एकदम उसळायचा, मग वर-खाली डोलत राहायचा. सहाव्या रॉडला वेल्डिंग मशीनच्या आत फट्कन आवाज झाला आणि जळक्या वार्निशचा वास आला. एक खांब उभा, दुसरा नुसता टाके मारून धरलेला. तो दोरीने बांधला, फाटक भिंतीला टेकवलं आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आलो. मालक काही बोलले नाहीत, पण त्यांच्या घराला त्या रात्री फाटक नव्हतं आणि ते माझ्यामुळे, ही गोष्ट मला फार लागली.

मशीन दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं. चार आयजीबीटी, म्हणजे करंट झपाट्याने चालू-बंद करणारे स्विच, फुटलेले, एका कपॅसिटरचं डोकं वर आलेलं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून त्याने ते चालू केलं. तीन हजार आठशे रुपये झाले, दोन दिवस गेले. तो म्हणाला, "दादा, व्होल्टेज वर-खाली झालं की हे असंच होणार. चांगला जनरेटर घ्या." चांगला म्हणजे कोणता, हे मात्र त्यालाही सांगता येईना.

शहरात मला जनरेटरची गरज कधी पडली नव्हती. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते तेवढा दिवस आम्ही कापाकापीची आखणी करतो, मापं घेतो. पण आता निम्मं काम शहराबाहेर आहे. पानशेत, मुळशी, भोर, पवना. फार्महाउस, गोठे, कांदाचाळी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. तिथे एक तर वीज नसते, नाही तर दुपारी १७० व्होल्ट असते. म्हणजे जनरेटर घ्यायचाच होता. पाच घ्यावा की साडेसात, एवढाच प्रश्न मनात घेऊन मी मामाकडे गेलो.

मामा पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होते, तीस वर्षं. इंजिनवर भार टाकायचा आणि ते कुठे दम टाकतं ते लिहून ठेवायचं, हीच नोकरी. माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "पाच केव्हीए म्हणजे कशाचे पाच? क्षणभराचे का दिवसभराचे? आणि तुझं मशीन किती ओढतं?"

"दोनशे अँपियरचं आहे, मामा. प्लेटवर लिहिलंय."

"ते बाहेर किती देतं ते. आत किती घेतं ते विचारतोय मी. कधी मोजलंयस?"

मोजलं नव्हतं. बारा वर्षं वेल्डिंग करतोय, रॉडच्या आवाजावरून करंट कमी का जास्त ते कळतं, पण भिंतीतून येणारी वायर किती ओढते हे कधी पाहिलं नव्हतं. शेडमध्ये थ्री फेजचं कनेक्शन आहे, गरजच पडली नाही.

हिशोब तसा सोपा आहे, आणि फिरतं काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा कागदावर करावा असं मला मनापासून वाटतं. साध्या आर्क वेल्डिंगमध्ये आर्कचं व्होल्टेज धरायचं असेल तर वीस मिळवा करंटचे चार टक्के. मी जास्त करून सव्वातीनचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा ६०१३ रॉड १२० अँपियरवर वापरतो. वीस अधिक ४.८, म्हणजे २४.८ व्होल्ट. गुणिले १२०, झाले २,९७६ वॅट. मशीन स्वतः थोडं खातं, कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत ३,५०० वॅट लागतात. इथपर्यंत आलं की पाच केव्हीए भरपूर वाटतो.

मेख पुढे आहे. स्वस्त इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनच्या दाराशी डायोड आणि मोठे कपॅसिटर असतात. ते विजेच्या लाटेच्या फक्त शेंड्यावर करंट ओढतात, बाकी वेळ गप्प. मामांनी उदाहरण दिलं ते डोक्यात बसलं. सोसायटीला सकाळी अर्धाच तास पाणी आलं तर सगळे एकदम नळ सोडतात. दिवसाचं पाणी तेवढंच असतं, पण पाइप त्या अर्ध्या तासाच्या मापाने मोठा घालावा लागतो. जनरेटर म्हणजे तो पाइप. ओढलेल्या व्होल्ट-अँपियरपैकी खऱ्या कामाचे वॅट किती, तो पॉवर फॅक्टर. अशा मशीनचा तो ०.७ च्या आसपास असतो. ३,५०० ला ०.७ ने भागलं की पाच हजार व्होल्ट-अँपियर येतात. म्हणजे सव्वातीनचा रॉड लावला की पाच केव्हीए सगळेच्या सगळे संपले. रॉड टेकवताना मशीन क्षणभर जादा करंट सोडतं, ते वेगळंच. मंडपवाल्याचा जनरेटर का डोलत होता ते तिथे कळलं. हॅलोजन एकसारखा ओढतो. आर्क धक्के देत ओढतो.

मग मोजलं. माझा टाँग टेस्टर, म्हणजे वायरला बाहेरून चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, वायरला लावला, मुलाला रॉड जाळायला सांगितला, १७ अँपियर दाखवले. मामांनी त्यांचा लावला, २२ दाखवले. तीच वायर, तोच रॉड. साधा टाँग टेस्टर गुळगुळीत लाट गृहीत धरून आकडा दाखवतो, लाट टोकदार असली की कमी सांगतो. खरं माप हवं तर ट्रू आरएमएस लिहिलेला मीटर लागतो. २३० गुणिले २२, म्हणजे ५,०६०. कागदावरचा हिशोब आणि मीटर जवळजवळ जुळले. त्या दिवशी फार समाधान वाटलं.

आता साडेसात केव्हीए घ्यायचं जवळपास ठरलं होतं. पण साडेसातचा पेट्रोल जनरेटर दोघांना गाडीत चढवणं अवघड, शेतात चिखलातून ओढणं त्याहून अवघड, आणि पैसे चाळीसेक हजार जास्त. मामाच म्हणाले, "इंजिन मोठं करण्याआधी तुझ्या मशीनची भूक सुधारते का बघ." पॉवर फॅक्टर सुधारणारी, दुकानात ज्यांना पीएफसी मशीन म्हणतात ती, मी ऐकून होतो पण महाग म्हणून सोडून दिली होती. ओळखीच्या एकाकडे होतं, ते दोन तास मागून आणलं. तोच रॉड, तोच १२० अँपियर, तोच मीटर. साडेपंधरा अँपियर. ३,५६५ व्होल्ट-अँपियर.

जनरेटर घ्यायला निघालो होतो आणि आधी मशीन बदललं. साडेअठ्ठावीस हजार गेले, जुनं शेडमध्ये ठेवलं. दुसरा फायदा नंतर कळला. हे मशीन १७० व्होल्टवरही कुरकुर न करता चालतं, त्यामुळे गावात वीज असेल तर जनरेटर उतरवावाच लागत नाही.

आता जनरेटर कोणता. चार वाटा होत्या.

इंजिन आणि वेल्डिंग एकाच धडात असलेला वेल्डिंग जनरेटर सगळ्यात सुटसुटीत दिसतो आणि पाइपलाइनवाले तोच वापरतात. आर्कही गोड लागतो. मी तो सोडला कारण त्यातला एक भाग बिघडला की दोन्ही बंद, आणि माझं काम दिवसाला पंधरा-वीस रॉडचं, दोनशे रॉडचं नाही.

डिझेलकडे मात्र मन फार ओढत होतं. पुण्याचा माणूस, किर्लोस्करांचं इंजिन विहिरीवर धडधडताना ऐकत वाढलेला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून खडकीत आहे, आमच्या आजोळी त्यांच्याच इंजिनावर ऊस भिजायचा. डिझेल कमी पितं, टिकतं जास्त, आणि डब्यात डिझेल नेणं पेट्रोलपेक्षा निर्धोक. एका जागी ठेवून चालवायचं असतं तर दुसरा विचार केलाच नसता. पण आवाज अडवणाऱ्या पेटीतला पाच केव्हीएचा डिझेल सेट चार माणसांशिवाय हलत नाही. आम्ही दोघंच असतो, मी आणि हेल्पर. जड मन करून तो सोडला.

तिसरा इन्व्हर्टर जनरेटर. वीज एकदम स्वच्छ, आवाज कमी, भार नसला की इंजिन आपोआप हळू होतं. पण माझ्या मापाचा घ्यायचा तर किंमत दुपटीच्या पुढे जात होती. शिवाय ती हळू होण्याची सोय वेल्डिंगला बंदच ठेवावी लागते, नाही तर ठिणगी पडते तेव्हा इंजिन पेंगत असतं आणि जागं होईपर्यंत रॉड चिकटलेला असतो. सोसायट्यांमध्ये, दवाखान्यांजवळ काम करणाऱ्याने मात्र तोच घ्यावा. माझ्या गिऱ्हाइकाच्या शेजारी म्हशी असतात.

उरला साधा, एव्हीआरवाला पेट्रोल जनरेटर. ३,००० फेऱ्यांवर फिरणारं साधारण ३९० सीसीचं इंजिन आणि मागे अल्टरनेटर. एव्हीआर म्हणजे व्होल्टेज सांभाळणारी छोटी पेटी. काही स्वस्त सेटमध्ये ती नसतेच, नुसत्या कपॅसिटरवर काम भागवलेलं असतं. तसला वेल्डिंगला अजिबात घेऊ नये, दिवे लावायला ठीक.

दुकानं पालथी घातली तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती मॉडेलच्या नावातल्या आकड्याची. नावात साडेसहा हजार, बाहेर स्टिकरवर पाच केव्हीए, आणि प्लेटवर बारीक अक्षरात रेटेड साडेचार. दिवसभर चालतं ते साडेचारच. बाकीचे आकडे काही क्षणांचे. त्यातून पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. हवा विरळ होत जाते तसा साध्या इंजिनाचा जोर दर ३०० मीटरला साडेतीनेक टक्क्यांनी उतरतो. म्हणजे आपल्याकडे साडेचारचे सव्वाचार धरायचे. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, तिथे पावणेचारच. माझ्या मशीनला ३.५७ हवेत. पुण्यात जमतं, महाबळेश्वरला सव्वातीनचा रॉड ओढून ताणून, अडीचचा आरामात.

दुसरी गोष्ट तांब्याची. सगळे सांगतात वाइंडिंग तांब्याचं आहे. जाळीतून आत पाहिलं तर रंगही तांब्याचाच दिसतो, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवरचं वार्निशही त्याच रंगाचं असतं. मामांनी युक्ती सांगितली, वजन बघ. एकाच मापाच्या दोन सेटमध्ये एक नऊ-दहा किलोंनी हलका असेल तर विचार, का. मी तसं विचारलं आणि एका दुकानदाराने सरळ कबूल केलं, हा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, म्हणून स्वस्त. असा माणूस भेटला की बरं वाटतं.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुकानासमोर रॉड जाळून बघणं. मशीन, केबल, अँगलचे चार तुकडे आणि मामांचा मीटर गाडीत घेऊनच फिरलो. पहिल्या दुकानात नाही म्हणाले. दुसऱ्याने हॅलोजन लावून दाखवले, तेही जुनंच दुखणं. तिसऱ्याने चालू करून दिला, मी रॉड टेकवला आणि व्होल्टेज २३८ वरून १९० वर आलं, आवाज डोलायला लागला. मी काही न बोलता केबल गुंडाळली. चौथं दुकान भोसरीकडे. तिथले काका म्हणाले, "जाळा की, त्यासाठीच तर आहे. फक्त काच लावा तोंडाला, पोरं बघत उभी राहतात." भार नसताना २३९ व्होल्ट आणि ५२ हर्ट्झ. रॉड जळताना २२५ आणि पन्नासच्या किंचित खाली. आवाज एकदा खोल गेला आणि तिथेच स्थिर राहिला. लागोपाठ सहा रॉड जाळले. भार नसताना ५२ का, तर इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर भाराखाली थोडा खाली बसतोच, म्हणून आधी थोडा वर ठेवलेला असतो. बिनभारी पन्नास दाखवणारा सेट रॉड लावल्यावर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो.

तोच घेतला. दोरीबरोबर सेल्फ स्टार्टही असलेला, ८४ किलोंचा. सगळं धरून ब्याऐंशी हजार. वीस तासांनी पहिलं ऑइल बदला, हे काकांनी पावतीच्या मागे लिहून दिलं.

घेतल्यावरही शिकायचं राहिलं होतं. पानशेत रस्त्यावरच्या पहिल्याच कामात जनरेटर दहा मिनिटांत बंद पडला. पुन्हा चालू, पुन्हा बंद. पोटात गोळा आला. शेवटी काकांना फोन लावला, त्यांचा पहिला प्रश्न, "उतारावर ठेवलाय का?" ठेवला होता. ऑइल कमी झालं की इंजिन थांबवणारा सेन्सर असतो, सेट तिरका झाला की त्याला ऑइल संपलं असं वाटतं. खाली दोन फळ्या घालून सपाट केला, संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

केबलचंही तसंच. आवाज नको म्हणून सेट पन्नास मीटर लांब ठेवला आणि अडीच स्क्वेअर मिमीची वायर ओढली, तर वाटेतच बारा-तेरा व्होल्ट गेले. आता चारची आहे, पंचवीस मीटरची, त्यापुढे सेटच हलवतो. आणि क्रम पाळतो. इंजिन चालू, दोन मिनिटं तापू द्यायचं, मग मशीनचा स्विच. बंद करताना उलटा. टाकी रिकामी होऊन इंजिन रॉड जळत असताना मरू द्यायचं नाही, विझताना व्होल्टेज कसंही नाचतं. लोखंड कापायचं चौदा इंची कटऑफ मशीन आणि वेल्डिंग एकाच वेळी कधीच नाही. ते सुरू होताना जे ओढतं त्याने आर्क तुटतोच.

पेट्रोल दिवसाला आठेक लिटर जातं, त्यातलं बरंचसं रॉड जळत नसताना, कारण इंजिन ३,००० वरच फिरत राहतं. म्हणून आता टाके सगळे एकदम मारतो, घासाई एकदम करतो, मध्ये सेट बंद. दरपत्रकात जनरेटरचे दिवसाला बाराशे वेगळे लिहितो, गिऱ्हाईक समजून घेतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. पंधरा दिवस सेट उभा राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

सुरक्षेच्या बाबतीत दोन ठिकाणी मी कुणाचंच ऐकत नाही. पावसात एका गोठ्यात काम होतं, मालक म्हणाले सेट आत घ्या, भिजेल. मी बाहेरच ठेवला, चार बांबूंवर पत्रा टाकून, बाजू उघड्या. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोप आली म्हणून बसतो आणि उठत नाही. दुसरं, भोरकडे एका घरी वीज गेलेली होती. तिथल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, एक वायर आमच्या प्लगमध्ये खुपसा ना, मोटार तरी चालेल." पाणी नव्हतं त्यांच्याकडे, खूप वाईट वाटलं, पण तसं केलं असतं तर वीज उलटी खांबावर गेली असती, आणि तिथे लाइनमन चढलेला असू शकतो. मोटारीची वायर बोर्डातून पूर्ण सोडवून थेट सेटवर घेतली आणि टाकी भरून दिली. वीस मिनिटं लागली.

अर्थिंगचा एक मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला दांडा गाडीत कायम असतो. गळती पकडणारा ब्रेकर बसवला होता, पण इलेक्ट्रिशियनने तपासून सांगितलं की या सेटचा न्यूट्रल फ्रेमला जोडलेलाच नाही, म्हणून ब्रेकर धक्का लागला तरी पडणार नाही. त्याने ती जोडणी करून दिली आणि टेस्टचं बटण दाबून नव्हे, तर टेस्टरने गळती देऊन ब्रेकर पाडून दाखवला. तेव्हाच मी हेल्परला ओल्या जमिनीवर ग्राइंडर धरू दिला.

मुळशीचं ते फाटक भाड्याचा प्रकार झाला त्याच्या चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या सेटवर पुरं केलं होतं. या वर्षी त्याच मालकांनी गाडीच्या शेडचं काम दिलं. सहा ट्रस, सगळे जागेवर जोडले, दोन दिवसांत एकही रॉड इंजिनमुळे चिकटला नाही. मालक चहा घेऊन आले आणि बराच वेळ नुसते इंजिनचा आवाज ऐकत उभे राहिले.

चाललेले तास मी टाकीच्या कडेला मार्करने लिहितो. काल २८६ झाले. तीनशेला व्हॉल्व्हचं अंतर तपासायचं आहे, फीलर गेज घेऊन मामा स्वतः येणार आहेत. रविवार सकाळ ठरली आहे.